राणीला अगं-तुगं

येडशी
१२ जून २०२५

सौ. सृष्टी हिस,

हे पत्र कामाचं आहे. कामाचं नसतं तर मी लिहिलं नसतं, हे तुला माहीत आहे.

त्या मिठाच्या राज्याच्या कादंबरीचा तिसरा भाग माझ्याकडं भाषांतराला आला आहे. पहिले दोन भाग तू लाल पेन्सिलीनं रंगवून परत दिले होतेस. हा भाग मी एकट्यानं करतो आहे आणि पान २१४ वर अडलो आहे. जुलैअखेर पुण्याला द्यायचा आहे.

अडचण अशी. राणी वेल्दा वेष पालटून, मीठ विकणारी बाई होऊन ऑस्क नावाच्या नावाड्याच्या होडीत बसते. दीडशे पानं तो तिला साधी बाई समजून बोलतो, खेकसतो, तिच्या वाटची भाकरीसुद्धा खातो. पान २१४ वर त्याला कळतं की ही राणी. इंग्रजीत काय होतं? तो डोक्यावरची टोपी काढतो. बस्स. 'यू' होतं ते 'यू'च राहतं. लेखिकेला काही ठरवावं लागलं नाही, सगळं माझ्या गळ्यात. आता तो तिला 'तू' म्हणेल, 'तुम्ही' म्हणेल का 'आपण'? तुम्ही केलं तर दीडशे पानांची सोबत एका ओळीत मरते. तू ठेवलं तर वाचक म्हणेल, ह्या गड्याला काही चाड आहे का नाही.

तू असतीस तर एका मिनिटात सांगितलं असतंस. पहिल्या भागातला तो ड्रॅगन आठवतो का? मी त्याच्या तोंडी घातलं होतं, "सदर डोंगर माझ्या ताब्यात असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही." तू समासात लिहिलंस, "आबा, हा ड्रॅगन आहे का तलाठी?" दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. मग गुपचूप बदललं, "डोंगर माझा. चालायला लाग." पुस्तकाचं कौतुक झालं ते त्या वाक्यासाठी. तुला हे तेव्हा सांगितलं नव्हतं.

पान २१४ ची छायाप्रत सोबत जोडली आहे. उत्तर पोस्टानं द्यावं. शक्य झाल्यास नागपंचमीला समक्ष यावं. कारण भेटीत सांगेन. तीन वर्षांपूर्वीचं रजिस्टर पत्र मध्ये आणू नये.

वैजनाथ
(निवृत्त भाषांतरकार)

ता. क. आईची तब्येत ठीक आहे.

येडशी
२६ जून २०२५

चि. सृष्टी,

उत्तर नाही. पोस्टाला दोष देऊन बघितला, पण पोस्टमन म्हणाला, पुण्याला चार दिवसांत जातंय की, काका.

तुझा फोन नंबर माझ्याकडं नाही. मीच पुसला होता. पत्ता तेवढा जुन्या पोचपावतीवर राहिला. प्रकाशनातल्या मोनिकाला नंबर विचारला. ती म्हणाली, "तिला विचारून सांगते, काका." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सॉरी काका, ती नको म्हणाली." मी म्हटलं बरं. आईबद्दल मी मोनिकाला काही बोललो नाही. परक्या पोरीला काय सांगायचं?

आता तुला सांगतो. मागच्या पत्रात 'ठीक आहे' लिहिलं ते खोटं होतं.

तुझी आई विसरायला लागली आहे. आधी दुधाचं भांडं, मग गॅस, मग वार. मी म्हटलं, वय झालं. मग एकदा बाजारातून घरी यायची वाट चुकली अन् स्टेशनवर जाऊन बसली. सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, हे मागं फिरणारं दुखणं नाही. माणसं एकेक करून पुसली जातील. कोण आधी, कोण नंतर, सांगता येत नाही.

तुझं नाव अजून आहे. रोज सकाळी विचारते, "सृष्टीचा डबा भरला का?" तू शाळेत आहेस असं धरून चालते, पण नाव अन् तोंड दोन्ही पक्कं आहे. भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडं बघून हसते. म्हणून पंचमीला ये म्हणतोय. माझ्यासाठी नको येऊ. तिला तू आठवतेस तोवर ये.

कामाचं: मोनिकानं पहिली शंभर पानं वाचली. म्हणते, "काका, नावाड्याला ग्रामीण बोली नको. तो मराठवाड्यातला नाही ना." मी म्हटलं, "मग राणी काय पुण्याची आहे?" ती हसली. पण पुढं जे म्हणाली ते लागलं. म्हणाली, राणीचं बोलणं फारच सरकारी वाटतं.

वाटणारच. एकतीस वर्षं कोर्टात दुसरं काय केलं मी? साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून म्हणायचा, "म्या बघितलं न्हाय ओ सायेब, पर काळजात कळलं की." मी इंग्रजीत लिहायचो की साक्षीदारास प्रत्यक्ष माहिती नाही. खोटं काही नव्हतं त्यात. पण त्याचं काळीज मी रोज गाळत गेलो, अन् गाळता गाळता माझीही तशीच सवय झाली. घरातही मी तसाच बोलायचो, हे तू मला तोंडावर सांगितलं होतंस. तेव्हा मी तुला उद्धट म्हणालो.

आबा

येडशी
९ जुलै २०२५

सृष्टी,

आज एक गोष्ट सांगतो. हसायची तर हस. मलाही हसू आलं होतं.

परवा सकाळी मी चहा घेऊन तिच्याजवळ गेलो. तुला ठाऊक आहे, अडतीस वर्षांत तिनं मला नावानं हाक मारली नाही, कधी तू म्हटलं नाही. 'आवो' अन् 'तुम्ही', नाहीतर 'सृष्टीचे आबा'. तिनं कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं अन् म्हणाली, "आरं बलभीम! कवा आलास? आन् ह्यो च्या हाय का धुन्याचं पानी? तुला कुनी शिकवलं रं?"

बलभीममामा जाऊन चार वर्षं झाली. करोनात गेला, तूच तिला धरून बसली होतीस. मी म्हणालो, "अगं, मी आहे." ती म्हणाली, "व्हय की, दिसतंय की मला. बस. लई वाळलास. बायकू घालती का न्हाय काही खायला?" अन् माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

मी सांगून बघितलं, मी कोण ते. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती घाबरली, कोपऱ्यात सरकली अन् पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "तुमी कोण पावणं? घरात गडीमानूस न्हाय. मागनं या." तेव्हा मी हरलो. म्हणालो, "आक्का, मी बलभीम." लगेच हसली.

बायकोला आक्का म्हणायची पाळी आली माझ्यावर. पण खरं सांगू, सृष्टी? ती जे बोलते ते मी कधी ऐकलंच नव्हतं. इतकी बोलकी बाई माझ्या घरात होती अन् मला पत्ता नाही. माझी नक्कल करते. चष्मा नाकावर घेऊन, "सृष्टीची आई, सदर भाजीत मीठ नाही." हुबेहूब. मी बलभीम होऊन हसत बसतो अन् आतून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आता गुन्हा कबूल करतो. मी तिचं बोलणं वहीत उतरवतो. माझी राणी मुकी होती ना? आता बोलायला लागली. नावाड्यानं भाकरी खाल्ल्यावर राणी आधी म्हणायची, "माझ्या वाटचे अन्न आपण का ग्रहण केलेत?" आता म्हणते, "खा बाबा, खा. होडी बुडली तर तुझ्याच वजनानं बुडंल." मोनिका फोनवर म्हणाली, "काका, राणी एकदम जिवंत झाली! काय केलंत?" मी म्हटलं, अभ्यास.

काय करायचं होतं सांग? औषधानं काही होत नाही. डॉक्टर पुढची तारीख देतात. तिचं बोलणं रोज थोडं थोडं कमी होतंय अन् मला राखून ठेवायची दुसरी रीत येत नाही.

पंचमी २९ तारखेला आहे. काल तिनं तुझं नाव घेताना जरा वेळ लावला. घेतलं, पण वेळ लावला.

आबा

येडशी
१९ जुलै २०२५

सृष्टी,

हे पत्र चार वेळा फाडलंय.

काल दुपारी आई शेंगा फोडत बसली होती. एकाएकी म्हणाली, "बलभीम, माझ्या लेकीनं मला टाकलं रं."

मी म्हटलं, "असं कसं, आक्का?"

"तीन वर्सं झाली. लगीन केलं, केलं. जात दुसरी, असू दे की. जावई चांगला असंल. पर फोन न्हाय, येनं न्हाय. म्या काय केलतं तिचं? हे म्हनत्यात, तिलाच यायचं न्हाय."

हे म्हणजे मी.

तुला जे रजिस्टर पत्र गेलं ते आईला माहीत नव्हतं. "आपण स्वमर्जीने केलेल्या विवाहामुळे या घराशी आपला संबंध संपुष्टात आला असून यापुढे येथे येण्याची तसदी घेऊ नये." पोटच्या पोरीला मी 'आपण' म्हणालो. लोकांना वाटतं 'आपण' म्हणजे मोठा मान. तुळजापूरला जाऊन बघ, भवानीला सगळे तू म्हणतात. "आई, तू बघ आता." अन् तिच्या पुजाऱ्याला तुम्ही. मान कुणाला अन् माया कुणावर हे अडाणी माणसालाही कळतं. मला कळत नव्हतं असं नाही. तुला लागावं म्हणूनच मी तो शब्द काढला होता.

अजून आहे. त्याच आठवड्यात मी आईच्या मोबाइलचं सिम बदललं. म्हटलं, कंपनीनं नंबर बंद केला. तू किती वेळा लावला असशील फोन, मला ठाऊक नाही. विचारायचं तोंड नाही.

तर काल मी ठरवलं, बलभीमाच्या तोंडून तरी खरं बोलावं. म्हटलं, "आक्का, तुझ्या लेकीनं न्हाय टाकलं. दाजीनं तिला पत्र लिहिलं, येऊ नको म्हणून. दाजीनंच तुझा नंबर बदलला."

तिचे हात थांबले. मला वाटलं, आता शिव्या देईल. देवाशपथ, मी शिव्यांची वाट बघत होतो.

ती म्हणाली, "ए, चूप. त्यांच्याबद्दल असं बोलायचं न्हाय. बोलायला कडू हायेत ते, मला म्हाईत हाय. पर मला असं फसवायचे न्हाईत. तू ल्हानपनापासनंच आगलाव्या हायेस बग."

अन् शेंगा फोडायला लागली. मी पुन्हा सांगितलं. तिनं शेंगांचं सूप उचललं अन् आत निघून गेली. संध्याकाळी सगळं विसरली होती. मला माफी मागायलाही माणूस उरलं नाही. मी मागितली तर ती बलभीमला माफ करेल, तेही त्यानं न केलेल्या गोष्टीसाठी.

पंचमीला दहा दिवस आहेत.

आबा

येडशी
२८ जुलै २०२५

सृष्टी,

आठवडाभर आईनं एकच धरलं होतं. पिशवीत दोन लुगडी अन् कंगवा भरून दारात बसायची. "बलभीम, मुराळी म्हनून आलास नव्हं? मग न्हे की मला. पंचीम तोंडावर आली."

तुमच्या पुण्यात मुराळी कुणाला माहीत असेल का नाही कोण जाणे. पंचमीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, तो मुराळी. बलभीममामा दर वर्षी यायचा. मी दर वर्षी कुरकुर करायचो, माझ्या जेवणाचं काय म्हणून. तो गेल्यापासून तिला कुणी नेलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

काल गुंडाप्पाची जीप सांगितली अन् मीच मुराळी होऊन तिला घेऊन निघालो. तेरखेडा मागं पडलं तसं तिनं डोक्यावरचा पदर सोडला, गाणं म्हणायला लागली. वाशीच्या अलीकडं वळलो तेव्हा मला वाटलं, आता हिला सगळं आठवणार. येडी आशा.

मामाचा अमरसिंह दारात उभाच होता. पाया पडला, "आत्या, ये." आई त्याला म्हणाली, "तुमी कुणाचे?" अन् माझ्याकडं वळून, "बलभीम, आपल्या घरात ही माणसं कोण रं?" आपल्या मेलेल्या बापाच्या नावानं मला हाक मारलेली ऐकून त्या पोराचे डोळे भरले. पण शहाणं पोरगं. लिंबाला झोका बांधून दिला. आई झोक्यावर बसली. मी मागनं हळूहळू ढकलत होतो. चार-पाच झोके झाले असतील, तिनं पाय टेकवले.

म्हणाली, "चल. मला घरी सोड."

"अगं आक्का, आत्ताच तर आलाव. एक रात तर ऱ्हा."

"न्हाय रं बाबा. ते एकटेच असत्याल घरी. तोंडानं मागायचे न्हाईत, उपाशी बसत्याल. मला करमत न्हाय त्यांच्याबिगर."

झोक्याची दोरी माझ्या हातात होती. मी तिच्या पाठीमागंच होतो, सृष्टी. हातभर अंतरावर. काय म्हणायचं होतं मी? म्हणालो, "चल, सोडतो."

येताना जीपमध्ये तिनं माझा हात धरला. "बलभीम, एक काम कर. माझं ऱ्हाऊ दे. माझ्या सृष्टीला कुनी मुराळी गेला न्हाय बग. भाऊ न्हाय तिला. लगीन झाल्यापासनं लेकरू वाट बघत आसंल. तू मामा हायेस, तू जा. उद्याच्या उद्या घिऊन ये."

तुझं नाव तिनं स्पष्ट घेतलं. वेळ न लावता.

मी व्हय म्हणालो. पण जाऊ कसा? तिला एकटीला ठेवता येत नाही, दाराला कुलूप लावलं तर रडते. सोबत आणावं तर पुण्याची गर्दी बघून घाबरेल. अमरसिंहकडं ठेवू म्हटलं तर तिथं तिला सगळे पाव्हणे. पुण्याची गाडी रोज दारावरून जाते अन् मी खिडकीतून बघतो. तीन वर्षं मला यायला कुणी अडवलं नव्हतं.

आबा

येडशी
३० जुलै २०२५

सृष्टे,

पंचमी झाली. तू आली नाहीस. बरोबर आहे तुझं. मी तुझ्या जागी असतो तर ही पत्रं उघडलीसुद्धा नसती.

पान २१४ मी काल संपवलं. ऑस्क टोपी काढतो अन् राणीला म्हणतो, "तू राणी आहेस व्हय? आधी सांगायचं नाही का? भिजलीस की सगळी." तू-च ठेवलं. मोनिकाला लिहिलं, ह्यात बदल चालणार नाही. दीडशे पानं जिनं त्याच्यासोबत होडीत काढली, तिला तो परकं करणार नाही. मला हे सुचायला आयुष्य गेलं.

आता खरं ते लिहितो. आज सकाळी आई भिंतीपुढं उभी होती, तुझ्या फोटोपाशी. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, "ही पोरगी लई देखणी हाय रं. कुनाची हाय?"

मी म्हटलं, "आक्का, ही सृष्टी."

"आसं व्हय. चांगलं नाव हाय. कुनाची लेक?"

मी सांगितलं. तिनं मान हलवली, शेजारच्याची गोष्ट ऐकल्यासारखी, अन् चहा प्यायली. दुपारी पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच. उद्या परत येईल आठवण, कधी कधी येते म्हणतात. नाही आली तर नाही. मी काही करू शकत नाही. डॉक्टरही नाही. एवढी पत्रं लिहिली, त्यांचाही उपयोग झाला नाही.

तरी तू ये.

तिला तू आठवतेस तोवर ये, असं लिहिलं होतं. ते खोडतो. आठवत नसलीस तरी ये. तिनं मुराळी धाडायला सांगितलं होतं, मला हलता येत नाही, तर हे पत्रच मुराळी समज. तीन वर्षांपूर्वी पत्र गेलं ते तुला हाकलायला गेलं. हे न्यायला आलंय. जावई शरणबसप्पांनाही आण. त्यांच्याशी मी नीट बोलेन. नीट म्हणजे कोर्टातल्यासारखं नाही.

एक सांगून ठेवतो, म्हणजे दारात तुटणार नाहीस. ती तुला ओळखणार नाही. डोक्यावर पदर घेईल, हात जोडेल अन् तुला तुम्ही म्हणेल. "या, बसा. पाणी घ्या. कुठल्या तुम्ही?" तुझी आई तुला तुम्ही म्हणेल, सृष्टे. तेवढं सोस. बस तिच्याजवळ, पाणी घे. त्या 'या, बसा'मध्ये काय काय आहे ते तिला सांगता येणार नाही. मला येतं. मी सांगीन तुला.

आबा

ता. क. पाकीट फुगलेलं दिसेल. आत ज्वारीच्या लाह्या आहेत. त्या दिवशी जीपमधून उतरल्यावर आईनं मूठभर माझ्या खिशात घातल्या होत्या, "पोरीला दे" म्हणून. पोस्टात चुरा होईल. तरी खा.